हर्क्युलीस डावखुरा निघाला

ठाण्याच्या जांभळी नाक्यावर बत्तीस वर्षं भांड्यांवर नावं घातली. ‘मामाकडून सप्रेम भेट’ तर झोपेतही घालीन. म्हणून बरोक काळातल्यासारखं (म्हणजे साधारण सतराव्या शतकातल्या युरोपासारखं) चित्र तांब्यावर कोरायला बसलो तेव्हा वाटलं, यात काय मोठं! कागदावर पहिला ठसा काढला, तर हर्क्युलीसची (ग्रीक-रोमन पुराणातला बलदंड वीर) गदा डाव्या हातात आणि खाली माझं नाव उलटं. तेव्हा आधी हे करा: चित्र ट्रेसिंग पेपरवर काढा आणि कागद पालथा घालूनच पत्र्यावर उतरवा.

पत्रा एक मिलिमीटरचा पुरतो. कडा कानशीने उतरत्या करा, नाहीतर दाबाखाली कागद फाटतो. हातोडी मात्र विसरा. आपण छिन्नी ठोकतो; इथे ब्युरिनची (म्हणजे टोकदार पोलादी कोरणीची) मूठ तळहातात बसवून, हत्यार जवळजवळ आडवं धरून पुढे ढकलायचं. वळण आलं की हात नाही, पत्रा फिरवायचा. त्यासाठी खाली वाळू भरलेली चामड्याची उशी लागते. मी बायकोच्या जुन्या पर्सची शिवली (तिला अजून सांगितलेलं नाही). चरीच्या कडेला तांब्याची धारदार किनार उठते, ती खरवडून काढा.

खरी गंमत रेघेत आहे. रेघ केसाएवढी सुरू करा, मध्ये जोर देऊन जाड करा, पुन्हा बारीक सोडा. अशा रेघा मांडीच्या गोलाईबरोबर वळवा, त्यांवर दुसऱ्या तिरक्या टाका, मधल्या शंकरपाळ्यांत एकेक टिंब द्या. मांस फुगतं! डच कोरणारा हेंड्रिक गोल्ट्झियस यातला उस्ताद, बरोकच्या उंबरठ्यावरचा. लहानपणी भाजल्यामुळे त्याच्या उजव्या हाताची बोटं नीट उघडत नसत. रोममधला हर्क्युलीसचा पुतळा त्याने पाठीमागून दिसतो तसा तांब्यावर कोरला; ठसे बाहेर आले ते 1617 मध्ये, तो गेल्यावर.

शाई चरींत चोळा, वरची शाई ताठ जाळीदार कापडाने आणि शेवटी तळहाताने पुसा. कागद ओलसर हवा, प्रेस रुळांचं.

राजा रविवर्मांच्या छापखान्याने देव घराघरांत नेले, ते शिळाछापावर. युरोपात ग्रीक-रोमन देव तांब्यावरून फिरले. राजवाड्यातलं चित्र ज्याला दिसणार नाही, त्याच्या हाती ठसा यायचा. नकलाही इतक्या व्हायच्या, की चित्रकार रूबेन्सने 1619-20 च्या सुमारास छपाईचे हक्क सरकारांकडून मिळवले. ठशाच्या तळाशी पाहा: ‘पिंक्सित’ म्हणजे चित्रकार, ‘स्कुल्पसित’ कोरणारा, ‘एक्स्कुदित’ प्रकाशक.

माझ्या दुसऱ्या पत्र्यावर तिन्ही जागी माझंच नाव आहे. या वेळी उलटं कोरलंय.