नव्या हंगामातील ललितेतर पुस्तके: आधी यादी, मग मागणी

मराठी पुस्तकांचा नवा हंगाम साधारणपणे विजयादशमीच्या सुमारास सुरू होतो आणि दिवाळी ओलांडून जानेवारी-फेब्रुवारीतील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनापर्यंत चालतो. या काळात चरित्र, इतिहास, अर्थकारण, पर्यावरण अशा विषयांवरील आगामी पुस्तकांच्या घोषणा एकापाठोपाठ येत राहतात. त्यामुळे पारखून निवड करायची असेल, तर यादीचे काम पितृपक्षातच हाती घ्यावे. प्रकाशकांची गृहपत्रके, रविवारच्या पुरवण्या आणि नंतर दिवाळी अंकांतील जाहिराती पाहून लेखक, प्रकाशक, पृष्ठसंख्या, छापील किंमत आणि प्रकाशनपूर्व सवलतीची शेवटची तारीख वहीत उतरवावी. शेजारी ‘हे पुस्तक मला कशासाठी हवे?’ याचे उत्तर एका वाक्यात लिहावे. ते सुचत नसेल, तर पुस्तक विकत न घेता वाचनालयातून आणावे.

खरे कसब घोषणा वाचण्यात आहे. समजा, नागपूरच्या गिरणी कामगारांवर एक पुस्तक येणार आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे १८७७ साली सुरू झाली, एवढे तर कोणत्याही घोषणेत असेलच. आपण अनुक्रमणिका मागावी आणि तीत कामगारवस्त्या, मजुरी, संप, गिरणीतील स्त्रिया यांना स्वतंत्र प्रकरणे आहेत की सगळा भर मालकांच्या कर्तबगारीवर आहे, हे पाहावे. लेखकाने जुनी वृत्तपत्रे, गॅझेटियर आणि कामगारांच्या मुलाखती वापरल्या आहेत का, संदर्भसूची आणि शेवटी नामसूची आहे का, हेही प्रकाशकाला फोन करून किंवा पत्राने खुशाल विचारावे. हा वाचकाचा हक्क आहे, आणि मन लावून काम करणाऱ्या प्रकाशकाला असा प्रश्न आवडतोच. मलपृष्ठावरील स्तुतीपेक्षा नमुन्याची दहा पाने लेखकाची पत अधिक नेमकी सांगतात, म्हणून ती मिळाल्याशिवाय जाड आणि महागड्या ग्रंथाची मागणी नोंदवू नये.

अनुवादित पुस्तकाच्या बाबतीत मूळ ग्रंथ कोणत्या साली निघाला आणि अनुवाद कोणत्या आवृत्तीवरून केला आहे, हे तपासावे. विज्ञान आणि अर्थकारणात पंधरा वर्षांपूर्वीची आकडेवारी नवी म्हणून वाचली जाण्याचा धोका असतो. ‘नवी आवृत्ती’ असे म्हटले असेल, तर मजकुरात भर घातली आहे की केवळ पुनर्मुद्रण आहे, हे विचारून घ्यावे.

सवलतीचा हिशेब टपालखर्च धरूनच करावा. ६०० रुपयांचे पुस्तक ४५० रुपयांत मिळत असेल, पण टपालाचे ६० रुपये वेगळे द्यावे लागत असतील, तर खरी बचत ९० रुपयांचीच होते. तेवढ्यासाठी पुस्तक चाळून पाहण्याची संधी सोडावी का, हे ज्याने त्याने ठरवावे. पैसे भरल्यास पावती आणि प्रकाशनाची अपेक्षित तारीख लेखी घ्यावी, कारण छपाई लांबणे ही नित्याची बाब आहे.

नागपूरकरांना चाळून घेण्याची जी सोय आहे, ती फार थोड्या शहरांना लाभली आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे धम्मदीक्षा घेतली. धम्मचक्र प्रवर्तन दिनानिमित्त दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांचे असंख्य स्टॉल लागतात आणि दूरच्या गावांतून आलेली माणसे पिशव्या भरभरून पुस्तके नेतात. इतिहास, राज्यघटना, समाजशास्त्र, चरित्रे आणि छोट्या प्रकाशकांच्या पुस्तिका, ज्यांची जाहिरात कुठेच येत नाही, त्या येथे हाती लागतात. मुख्य दिवशीच्या गर्दीत पाने उलटायलाही जागा मिळत नाही, म्हणून शक्य असल्यास आदल्या दिवशी सकाळी जावे, यादी सोबत ठेवावी आणि यादीबाहेरच्या पुस्तकांसाठी थोडे पैसे राखून ठेवावेत. जे पुस्तक अजून छापून आले नसेल, त्याविषयी स्टॉलवरच्या माणसाला विचारून प्रकाशकाचा फोन क्रमांक त्याच वहीत लिहून घ्यावा.