जुन्या बाईकच्या टाकीतला गंज घरीच काढा

बाईक दोन किकमध्ये चालू होते, जरा पुढे गेली की खोकते आणि बंद पडते, असं होत असेल तर कार्ब्युरेटर खोलायच्या आधी टाकीत मोबाईलचा टॉर्च मारून बघा. आत तपकिरी पापुद्रे दिसले तर कार्ब कितीही वेळा साफ करा, परत जाम होणारच.

टाकी उतरवा, पेट्रोल सगळं काढा, झाकण आणि कॉक (टाकीखालची पेट्रोल चालू-बंद करायची तोटी) खोलून ठेवा, कॉकचं भोक रबरी बुचाने घट्ट बंद करा. मग भांड्यांचं लिक्विड आणि गरम पाणी घालून वास जाईपर्यंत धुवा. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा डेंजर असते कारण आत वाफ असते, त्यामुळे जवळपास ग्राइंडर, सिगारेट काही नको.

पापुद्रे जाड असतील तर थोडं पाणी आणि मूठभर नट टाकून टाकी खळखळवा, पण नट मोजून टाका!! मी अकरा टाकले, दहा निघाले, अकराव्याने अख्खी दुपार खाल्ली.

आता लिंबूफूल म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, एक लिटर गरम पाण्याला 50 ते 100 ग्रॅम, आणि टाकी गळ्यापर्यंत भरा, अर्धी भरली तर वरचा गंज तसाच राहतो. रात्रभर ठेवा, मधून मधून बघत राहा. रंगावर थेंब पडला की लगेच पुसायचा.

खरा घोळ यानंतर होतो. उघडं पडलेलं ओलं लोखंड काही मिनिटांत परत केशरी पडायला लागतं, पहिल्यांदा मी टाकी उन्हात ठेवून जेवायला गेलो आणि सगळी मेहनत पाण्यात. म्हणून अ‍ॅसिड बाहेर ओतून टाकलं की लगेच खायच्या सोड्याचं पाणी फिरवा, साध्या पाण्याने धुवा, उलटी करून निथळवा आणि हेअर ड्रायरने गरम हवा मारत बसा, कोपऱ्यातला ओलावा जाईपर्यंत. ड्रायर लांब ठेवल्यावरच कपभर पेट्रोलमध्ये थोडं टूटी ऑइल (2T, टू-स्ट्रोक इंजिनचं तेल) घालून ते आत सगळीकडे फिरवा. टाकी बसवताना पेट्रोलच्या नळीला नवीन फिल्टर टाका, सुरुवातीला थोडा चुरा येतोच.

टाकीच्या झाकणाच्या क्रोमवर गंजाचे ठिपके असतील तर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा, फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे सहसा पडत नाहीत. क्रोम सोलून निघालं असेल तर मात्र प्लेटिंगलाच द्यावं लागेल.