माणसाचा लिंकेज मॅप करायचाय? आधी फॅमिली बघा, सॉफ्टवेअर नंतर

लिंकेज मॅप म्हणजे क्रोमोसोमवर मार्कर (डीएनएतल्या ओळखीच्या खुणा) कोणत्या क्रमाने आणि किती अंतरावर आहेत त्याचा नकाशा. बरेच जण डेटा हातात आला की थेट प्रोग्रॅम रन करतात, तसं करू नका. माणसात फळमाशीसारखे हवे तसे क्रॉस (संकर) लावता येत नाहीत, त्यामुळे सगळी भिस्त फॅमिलीवर. चारही आजी-आजोबा, आई-वडील आणि भरपूर भावंडं अशी घरं सगळ्यात भारी, पॅरिसच्या सेफ संस्थेने १९८४ पासून अशीच जमवली, त्यातली बरीचशी अमेरिकेतल्या युटाची.

आजी-आजोबा कशाला? समजा आईकडे एका मार्करवर ए आणि बी हे दोन प्रकार, दुसऱ्यावर सी आणि डी. ए-सी दोन्ही आजीकडून आलेत हे माहीत असेल तरच मुलात ए-डी दिसल्यावर रिकॉम्बिनेशन (क्रोमोसोमच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल) झालं म्हणता येतं, नाहीतर नुसते अंदाज. आणि आई-बाप दोघंही होमोझायगस (दोन्ही प्रती सारख्याच) असले तर त्या घरात तो मार्कर काहीच सांगत नाही, म्हणून मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतले पुन्हापुन्हा येणारे छोटे तुकडे, यांचे प्रकार खूप असतात) चांगले, एसएनपी (एकाच अक्षराचा फरक, प्रकार बहुधा दोनच) घेतले तर खूप घ्या.

पुढे मेंडेलच्या नियमात न बसणारे जिनोटाइप (कोणाकडे मार्करचे कोणते दोन प्रकार, त्या नोंदी) काढून टाका, मग मार्करच्या जोडीजोडीने लॉड स्कोअर (दोन मार्कर एकत्र वारशाने येतात याचा पुरावा किती, तो आकडा) काढा. १० मायोसिसमध्ये (बीजपेशी बनवणाऱ्या विभाजनांमध्ये) १ रिकॉम्बिनंट असेल तर लॉड साधारण १.६ येतो, तो पुरत नाही, पण तसंच दुसरं घर मिळालं की बेरीज ३.२, आणि ३ च्या वर गेलं की लिंकेज मानतात.

क्रम लावायला क्राय-मॅप या सॉफ्टवेअरमधलं बिल्ड वापरा, मग फ्लिप्सने शेजारचे मार्कर उलटसुलट करून बघा. अंतरासाठी कोसंबी फंक्शन (रिकॉम्बिनेशनच्या टक्क्यावरून अंतर काढायचं सूत्र) घ्या, हो, आपले गोव्याचे दा. ध. कोसंबीच, फर्ग्युसनला गणित शिकवायचे तेव्हाचं काम आहे हे, मला तर याचा फार अभिमान वाटतो. रिकॉम्बिनेशन २० टक्के असेल तर हाल्डेनच्या सूत्राने २५.५ सेंटिमॉर्गन (मॅपवरच्या अंतराचं एकक) येतात, कोसंबीने २१.२, कारण एका क्रॉसओव्हरजवळ (अदलाबदलीच्या जागेजवळ) दुसरा सहसा होत नाही हे कोसंबी धरतात.

म्हणूनच क्राय-मॅपमधलं क्रोमपिक (प्रत्येक मुलात क्रॉसओव्हर कुठे झाले ते दाखवणारं) नक्की काढा. दोन-तीन सेंटिमॉर्गनच्या आत दोन क्रॉसओव्हर दिसले तर बहुतेक वेळा मधला जिनोटाइपच चुकलेला असतो, अशा चुका राहिल्या की मॅप उगाच फुगतो, तेव्हा रॉ डेटा परत तपासा. बायकांचा मॅप पुरुषांच्या दीडपटीहून लांब येतो, ती मात्र चूक नाही, दोन्ही वेगवेगळे काढून ठेवा.