चिकनगुनियानंतरचे सांधे आणि कोमट पाणी

चिकनगुनियाचा ताप उतरला, पण घोटे आणि मनगटं दुखायची थांबेनात. फिजिओथेरपिस्टताईंनी पाण्यात चालायला सांगितलं. कमरेएवढ्या पाण्यात पायांवर साधारण निम्माच भार येतो, छातीपर्यंत उतरलं की आणखी कमी. त्यामुळे जमिनीवर न जमणारी पावलं तिथे सहज पडतात. पाणी मात्र ३३ ते ३५ अंश सेल्सिअस हवं. गार तलावात माझे सांधे उलट आखडायचे. घरी बादलीत कोमट पाणी घेऊन मनगटं फिरवायची, मुठी उघडमीट करायची. सकाळचा ताठरपणा यानेच सर्वांत जास्त कमी झाला, आणि खर्च काहीच नाही! अंगात ताप असेल तर पाण्यात उतरू नका. मधुमेह असलेल्यांनी पाणी दुसऱ्याकडून तपासून घ्यावं. त्यांच्यापैकी अनेकांना पायाला बसलेला चटका कळत नाही.