जुन्या अमेरिकन मोटेलचा काळ पाटीवरून कसा ओळखायचा

जुन्या अमेरिकन मोटेलचा, म्हणजे गाडीवाल्यांसाठी हायवेवर असलेल्या लॉजचा, फोटो हाती लागला की बिल्डिंग नंतर बघा, आधी पाटी वाचा. सुसाट जाणाऱ्या ड्रायव्हरला ती वाचायला दोन-चार सेकंदच मिळायचे, मग मालक तेवढंच लिहायचा जे शेजारच्याकडे नाही, म्हणजे पाटीवर जे मिरवलंय ते त्या काळी नवलाईचं होतं असं धरून चालायचं.

आधी नाव बघा. 'टुरिस्ट कोर्ट', 'ऑटो कोर्ट' अशी जुनी नावं असतील तर जागा बहुतेक दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, कारण 'मोटेल' हा शब्द कॅलिफोर्नियात सॅन लुइस ओबिस्पोला 1925 मध्ये आला खरा पण सगळीकडे पसरला युद्धानंतर. मग सोयी बघा. न्यू मेक्सिकोत टुकुमकारीला रूट 66 या जुन्या हायवेवर ब्लू स्वॅलो मोटेल आहे, त्याच्या निऑन दिव्यांच्या पाटीवर '100% रेफ्रिजरेटेड एअर' लिहिलंय, म्हणजे आमच्याकडे पाण्यावर चालणारा साधा कूलर नाही, खरा एसी आहे! वाळवंटात दिवसभर तापलेल्या माणसाला अजून काय पाहिजे. टीव्ही दिसला तर पन्नासचं दशक, 'कलर टीव्ही' दिसला तर साठचं किंवा नंतरचं.

पण एक लक्षात ठेवा, पाट्या वर्षानुवर्षं तशाच राहायच्या आणि नवीन सोय आली की खाली छोट्या पाटीचा एक डबा जोडायचे, त्यामुळे फोटोची तारीख लावताना पाटीवरची सगळ्यात नवीन गोष्ट धरा, जुनी नाही.

आता फोटो झूम करा. 'व्हेकन्सी' (रूम रिकामी आहे) या शब्दाच्या डाव्या बाजूला बऱ्याचदा 'नो'ची वेगळी निऑन नळी असते, विझलेली असली की राखाडी दिसते. रूम भरल्या की ऑफिसमधून बटण दाबून तेवढीच पेटवायची.

मोटेलच्या कितीतरी आधी लागणारे बोर्डही सोडू नका. 'टुकुमकारी टुनाइट, 2000 मोटेल रूम्स' असे बोर्ड शेकडो मैल आधीपासून असायचे, उद्देश एकच, गाडीवाल्याने मुक्कामाचं गाव आधीच ठरवून टाकावं. 1965 च्या कायद्याने मोठ्या हायवेलगत 660 फुटांच्या आत बोर्डांवर बंधनं आली.

आणि 'अमेरिकन ओन्ड', म्हणजे मालक अमेरिकन, अशी पाटी दिसली तर तिच्यावरून पुढे जाऊ नका. गुजराती कुटुंबं मोटेल विकत घ्यायला लागली तेव्हा त्यांचं गिऱ्हाईक तोडायला काही शेजारी मालकांनी हे लिहिलं, आणि हे मला फार लागतं. अशी पाटी बहुतेक सत्तरच्या दशकातली किंवा नंतरची असते.