पांढरं फूल, पेन्सिल आणि एक नाव

माझे आजोबा पलटणीतले. साताऱ्याच्या घरी त्यांची पदकं अजून भिंतीवर आहेत. लंडनला आल्यावर मी, मनाला पटत नाही म्हणून युद्धात लढायला नकार देणाऱ्यांना फूल वाहायला निघाले, तेव्हा आईने फोनवर विचारलं, "अगं, आजोबांना काय वाटेल?" म्हणून आधी हेच सांगते: सैनिकाला कमी लेखून हा मान देऊ नका. तुलना करायचीच नाही.

दिवस १५ मे, अशा नकार देणाऱ्यांचा आंतरराष्ट्रीय दिवस. जागा टॅव्हिस्टॉक स्क्वेअर, यूस्टन स्टेशनपासून चालत जाण्यासारखी. बागेच्या मधोमध गांधीजी बसलेले आहेत. त्याच बागेत नकार देणाऱ्यांच्या स्मरणार्थ ठेवलेला राखाडी स्लेटचा ओबडधोबड दगड दिसेल. १९९४ साली याच तारखेला त्याचं अनावरण संगीतकार मायकेल टिपेट यांनी केलं. दुसऱ्या महायुद्धात नकार देऊन ते स्वतः तुरुंगात गेले होते.

जाण्याआधी एकच नाव निवडा आणि त्या माणसाने काय सोसलं ते नीट वाचून घ्या. नुसतं "सर्व शांतिदूतांना वंदन" म्हटलं की कुणालाच वंदन होत नाही. मी पहिल्या वर्षी 'रिचमंड सोळा'पैकी एकाचं नाव घेतलं होतं. पहिल्या महायुद्धात लढायला नकार दिला म्हणून इंग्लंडमधल्या रिचमंडच्या किल्ल्यात डांबलेले हे सोळा जण. १९१६ मध्ये त्यांना बळजबरीने फ्रान्सला नेलं. तिथे देहदंडाची शिक्षा वाचून दाखवली, क्षणभर थांबले, आणि मग सांगितलं की ती बदलून दहा वर्षं सक्तमजुरी केली आहे. तो क्षण वाचताना माझ्या हाताला घाम फुटला.

चिठ्ठीवर नाव पेन्सिलने लिहा. माझं शाईने लिहिलेलं नाव पावसात पसरलं, वाचताच येईना. रिचमंडच्या किल्ल्यात डांबलेल्यांनी कोठडीच्या चुन्याच्या भिंतींवर पेन्सिलनेच लिहिलं होतं. ते शंभर वर्षांनंतरही दिसतं.

फूल पांढरं. नाव मोठ्याने उच्चारा आणि गप्प उभे राहा. भाषण नको.

लंडनला जायलाच हवं असं नाही. १७ ऑक्टोबर घ्या: १९४० साली त्या दिवशी विनोबा पवनारला युद्धाविरुद्ध बोलले आणि चारच दिवसांत पकडले गेले. तुळशीपाशी त्यांचं नाव घेतलं तरी चालेल.

घरच्यांना मात्र विसरू नका. ऑस्ट्रियाचा शेतकरी फ्रान्झ येगरश्टेटर हिटलरसाठी लढला नाही. ९ ऑगस्ट १९४३ ला त्याचा शिरच्छेद झाला. मागे बायको फ्रान्झिस्का आणि तीन लहान मुली. युद्ध संपल्यावरही कित्येक वर्षं तिला निवृत्तिवेतन नाकारलं गेलं. यंदाच्या माझ्या चिठ्ठीवर दोघांचीही नावं आहेत, तिचं आधी.