महिनाभरात गॉथिक कादंबरी लिहिताय? मग या चुका टाळा

नोव्हेंबरच्या महिनाभरात कादंबरी लिहायच्या चॅलेंजमध्ये ५०,००० शब्द म्हणजे रोजचे साधारण १,६६७, आणि त्यात तुम्ही गॉथिक, म्हणजे जुनं घर, दडवलेलं गुपित आणि भीती यांची गोष्ट, निवडलंय हे खरंच छान केलंत. पण पहिला आठवडा उलटला की बरेच जण अडकतात, आणि अडकायची कारणं बहुतेक वेळा तीच असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे भूत घाईने आणणं. तिसऱ्या पानावर पैंजण वाजले, पाचव्यावर बाई दिसली, मग पुढचे पंचेचाळीस हजार शब्द करायचं काय? गॉथिकमधली भीती घराने दडवलेल्या गोष्टीतून येते, त्यामुळे आधी एवढंच ठरवा की या घरात कोणी काय केलं होतं आणि आज ते कोण लपवतंय. समजा गिरगावातली पागडीची खोली आहे, भाडेपावती अजून एका काकूंच्या नावावर येते, त्या काकूंना घरातल्या नव्या सुनेने कधी पाहिलेलं नाही, आणि आता रिडेव्हलपमेंटसाठी कागदपत्रं जमवायची वेळ आली तरी सासूबाई काकूंचा विषय निघाला की उठून गॅलरीत जातात. बघा, भूत अजून कुठेच नाही, पण माळ्यावरची ट्रंक आहे, शेजारच्या आजी आहेत ज्यांना सगळं माहितीय, रेशनकार्डावरून खोडलेलं नाव आहे. यातल्या एकेका गोष्टीवर एकेक दिवसाचे शब्द आरामात निघतात.

दुसरं, उसनं धुकं नको. किल्ले, मेणबत्त्या, ओसाड माळरान हे तिकडचं, युरोपातल्या गोष्टींचं सामान आहे, तिकडे ते शोभतं. आपल्या सीएसएमटीची आणि हायकोर्टाची इमारत गॉथिक नावाच्याच वास्तुशैलीतली आहे म्हणून कथा तिथेच घडायला हवी असंही काही नाही, तुमची पात्रं जिथे राहतात तिथलंच लिहा ना. पावसाळ्यात भिंतीला आलेली ओल, लाकडी टेकूंवर उभा असलेला जिना, दरवर्षी पावसाआधी म्हाडाची अतिधोकादायक इमारतींची यादी येते त्यात आपलं नाव आहे का बघणारी माणसं... कोसळायला आलेलं घर आणि ते न सोडणारी माणसं, याहून गॉथिक काय असतं सांगा! आणि 'भयाण', 'गूढ', 'अभद्र' ही विशेषणं शक्यतो गाळाच, ओल दिसली की वाचकाला आपोआप कळतं.

मध्येच मागे जाऊन एडिट करू नका. नाव बदलायचं सुचलं तर कंसात टीप टाका आणि पुढे चला.

आता, काहीच सुचत नसेल तेव्हा. १८१६ मध्ये जिनिव्हाच्या तळ्याकाठी इंग्रज कवी बायरनने सगळ्यांना भुताची गोष्ट लिहायचं चॅलेंज दिलं तेव्हा मेरी शेली फक्त १८ वर्षांची होती, आणि तिने स्वतः नंतर लिहिलंय की रोज सकाळी गोष्ट सुचली का विचारायचे आणि तिला रोज नाहीच म्हणावं लागायचं. त्यातूनच पुढे १८१८ साली 'फ्रँकेन्स्टाइन' छापून आली. तेव्हा न सुचणं म्हणजे आपल्याला जमत नाही असं अजिबात समजू नका. अशा दिवशी कथानक सोडा आणि एखादा कागद लिहा, काकूंचं पत्र, सोसायटीची नोटीस, आजीची हिशोबाची वही. १८९७ ची 'ड्रॅक्युला' जवळजवळ पूर्ण अशा डायऱ्या, पत्रं आणि तारांमधूनच उभी आहे, त्यामुळे ही पळवाट वगैरे नाही, या प्रकाराची जुनी रीतच आहे.

शेवटाकडे आलात की सगळं समजावून सांगायचा मोह होतो, तेवढा आवरा. काकूंचं काय झालं ते कळू दे, पण रात्री ऐकू येणारी पावलं कोणाची होती ते राहू दे.

आणि मागे पडलात तर एका रविवारी सगळं भरून काढायला जाऊ नका, उरलेले शब्द उरलेल्या दिवसांत वाटून घ्या. वीस तारखेला २५,००० झाले असतील तर रोज २,५०० येतात, म्हणजे लोकलमध्ये सीट मिळाली तर जाता-येता फोनवर हजारेक, आणि बाकीचे रात्री घरचे झोपल्यावर.